सर्व्हरच्या पोटातली बॅटरी आणि मराठवाड्याचा उन्हाळा

लातूर, परभणी, बीडकडच्या कुठल्याही पतसंस्थेत यूपीएसच्या बॅटऱ्यांची चौकशी सगळेच करतात. लाईट गेली की यूपीएस कोकलतो आणि बॅटऱ्या बसलेल्या असल्या तर पाच मिनिटांत कळतं. पण त्याच खोलीतल्या सर्व्हरमध्ये, डिस्क सांभाळणाऱ्या रेड (RAID) कार्डाला जोडलेली आणखी एक बॅटरी असते. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, चार-दोन बारीक तारांनी कार्डात खोचलेली. ती गेली तरी सर्व्हर बंद पडत नाही. नुसता मंदावतो. मग दोष कधी नेटवर, कधी सॉफ्टवेअरवाल्यावर जातो.

मंदावतो का, हे डिस्कच्या वेगावरून कळेल. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्याला साधारण 8.3 मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे 4 मिलिसेकंद, आणि हेड जागेवर सरकायला आणखी 8-9. विखुरलेल्या जागी लिहायचं असेल तर अशी एक डिस्क सेकंदाला जेमतेम 75-80 नोंदी लिहू शकते. काउंटरवर दहा जण बसले आणि वरून व्याज आकारणी चालू झाली, की हा आकडा फार तोकडा पडतो.

म्हणून रेड कार्डावर थोडी वेगवान मेमरी दिलेली असते, 512 मेगाबाइटपासून काही गिगाबाइटपर्यंत. आडतीवर सौदे चालू असताना मुनीम चिठ्ठीवर आकडे टिपत जातो आणि खतावणी नंतर निवांत करतो, तसं कार्ड आलेली नोंद मेमरीत घेतं, ‘लिहिलं’ म्हणून लगेच कळवतं आणि डिस्कवर सवडीनं उतरवतं. या पद्धतीला राइट-बॅक म्हणतात. अडचण एकच: ही मेमरी वीज गेली की सगळं विसरते. सॉफ्टवेअरच्या लेखी पैसे एका खात्यातून निघून दुसऱ्यात जमा झालेले असतात आणि डिस्कवर त्यातलं अर्धंच पोचलेलं असतं. शेवटच्या चार नोंदी पुन्हा भरता येतात, पण आतून मोडलेला डेटाबेस जुळवताना रात्री जातात.

ही बॅटरी त्यासाठीच असते. यूपीएसनंही हात टेकले तरी ती फक्त त्या मेमरीला जिवंत ठेवते. चांगल्या स्थितीत 72 तासांपर्यंत, म्हणजे शनिवारी संध्याकाळी वादळात तारा तुटल्या तर मंगळवार संध्याकाळपर्यंत. वीज आली की कार्ड आधी राहिलेलं लिखाण डिस्कवर उतरवतं, मग पुढचं काम. आणि बॅटरीचा भरवसा वाटेनासा झाला की बहुतेक कार्डं आपणहून राइट-थ्रूवर जातात: प्रत्येक नोंद डिस्कवर उतरल्याशिवाय ‘लिहिलं’ म्हणायचं नाही. डेटा सुरक्षित राहतो, वेग जातो.

बॅटरीत किती दम उरला आहे हे कार्डाला बाहेरून नीट कळत नाही. त्यामुळे जुन्या पिढीतली बरीच कार्डं एक ते तीन महिन्यांनी बॅटरी मुद्दाम उतरवून पुन्हा भरतात आणि किती चार्ज बसला ते मोजतात. याला लर्न सायकल म्हणतात. तेवढे काही तास बॅटरीचा आधार नसतो, म्हणून कार्ड राइट-थ्रूवर असतं. वेळापत्रकाकडे कुणी पाहिलेलं नसेल तर ही परीक्षा सोयाबीनच्या सीझनमध्ये भर दुपारी बारालाही सुरू होऊ शकते. लॉगमध्ये ते स्वच्छ लिहिलेलं असतं, पण लॉग उघडायचा कुणी? रविवारी रात्रीची वेळ लावून टाकली की भागतं.

आता आयुष्याचं. मोबाईलची बॅटरी रोज उतरते, रोज भरते, म्हणून झिजते असं आपण धरून चालतो. सर्व्हरमधली बॅटरी तर वर्षातून मोजक्या वेळाच उतरते. तरीही दोन-तीन वर्षांत तिचा दम जातो. कारण लिथियम-आयन बॅटरी नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते. आतला द्रव ग्रॅफाइटच्या ध्रुवाशी हळूहळू प्रक्रिया करत राहतो, ग्रॅफाइटवर एक पातळ थर चढतो आणि त्या थरात लिथियम अडकून बसतं. अडकलेलं लिथियम पुन्हा चार्ज वाहायला येत नाही. बॅटरी जितकी भरलेली आणि जितकी गरम, तितकं हे जोरात चालतं. रेड कार्डाची बॅटरी कायम काठोकाठ भरलेली, आणि राहते कुठे, तर प्रोसेसरच्या शेजारच्या गरम हवेत. तिच्यासाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

ढोबळ नियम असा की तापमान 10 अंश सेल्सिअसनं वाढलं की अशा प्रक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. यूपीएसमधल्या शिशाच्या सीलबंद बॅटऱ्यांनाही तो लागू आहे. समजा, 25 अंशांत 4 वर्षं म्हणजे 48 महिने टिकेल अशी बॅटरी आहे. वर्षातले 8 महिने ती 25 अंशांत राहिली आणि फेब्रुवारीच्या शेवटापासून जूनपर्यंतचे 4 महिने 35 अंशांत. ते 4 महिने 8 महिन्यांचं आयुष्य खातात, म्हणजे वर्षाला 16 महिने खर्ची पडतात आणि बॅटरी 3 वर्षांत संपते. त्या चार महिन्यांत पारा 45 वर असेल तर वर्षाला 24 महिने, आणि बॅटरी दोनच वर्षं.

इथे कुणी म्हणेल, सर्व्हर रूमला एसी आहे की. आहे, पण बऱ्याच ठिकाणी शाखेला कुलूप लावताना बिलाच्या धाकानं तोही बंद होतो आणि सर्व्हर मात्र रात्रभर चालू. मे महिन्यात पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत रात्री किती उकडतं ते सांगायला नको. सर्व्हरकडे येणारी हवा 18 ते 27 अंशांत असावी, अशी अमेरिकेतल्या अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. परभणीत तर मेमध्ये सावलीतही 42-43 असतं. भरीस भर म्हणजे बहुतेक लिथियम-आयन सेल साधारण 45 अंशांच्या वर भरायचे नसतात, त्यामुळे खोका आतून तापला की चार्जिंगच थांबू शकतं. उन्हाळ्यात दुपारीच सर्व्हर सुस्तावत असेल, तर आधी इथे बघावं.

या कटकटीवर उपाय म्हणून नव्या कार्डांनी कामाची पद्धतच बदलली. मेमरी तीन दिवस जिवंत ठेवण्याऐवजी, वीज जाताच तिच्यातलं सगळं फ्लॅश चिपमध्ये उतरवून घ्यायचं. फ्लॅशला वीज लागत नाही, तिथे डेटा आरामात राहतो. मग ऊर्जा हवी ती मिनिटभरापुरतीच, आणि तेवढी सुपरकपॅसिटर देतो. त्यात विद्युतभार पृष्ठभागावर साठतो, रासायनिक प्रक्रियेनं नाही, त्यामुळे लाखो वेळा भरला-उतरवला तरी तो सहसा कुरकुरत नाही. उष्णतेनं त्याचाही द्रव बिघडतो, पण त्याचा हिशोब बॅटरीपेक्षा कितीतरी सुखाचा आहे. सर्व्हरसाठी बनवलेल्या चांगल्या एसएसडीतही (फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश चिपवर चालणाऱ्या डिस्कमध्येही) याच कामाला छोटे कपॅसिटर असतात.

जुनं कार्ड असेल तर एक मोह टाळावा. बॅटरी गेल्यावरही ‘जबरदस्तीनं राइट-बॅक चालू ठेवा’ असा पर्याय सेटिंगमध्ये असतो. तो दाबला की सर्व्हर पुन्हा पळायला लागतो, सगळे खूश होतात आणि पुढच्या लोडशेडिंगची तारीख कुणाला माहीत नसते. माझ्या मते हा पर्याय पतसंस्थेच्या सर्व्हरवर वापरण्याजोगाच नाही.

आणि बॅटरी घेऊन कपाटात राखून ठेवण्यातही फार अर्थ नाही. ती तिथेही म्हातारी होत असते. बाजारात ‘नवीकोरी’ म्हणून मिळणारी बॅटरी कधीकधी कार्डाइतकीच जुनी निघते, तेव्हा पैसे देण्याआधी लेबलावरची उत्पादनाची तारीख बघून घ्यावी. काढलेली बॅटरी फुगलेली असेल तर ती दाबू किंवा टोचू नये आणि भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी.