डोमेन पार्किंग

डोमेन पार्किंग : नोंदवून ठेवलेल्या, पण संकेतस्थळ न उभारलेल्या डोमेन नावावर (संकेतस्थळाच्या पत्त्यावर) जाहिरातींचे पान लावून उत्पन्न मिळवण्याची पद्धत. हे पान अगदी साधे असते. नावाशी जुळणाऱ्या विषयांचे काही दुवे, कधी शोधाची चौकट आणि वर ‘हे नाव विकणे आहे’ अशी एखादी ओळ. वाचण्याजोगा मजकूर त्यावर नसतो.

मालकाला फारसे काही करावे लागत नाही. त्याने डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे ते नाव कोणत्या संगणकाकडे न्यायचे हे सांगणारी यंत्रणा, सेडो, बॉडिस यांसारख्या पार्किंग कंपनीकडे वळवले की पान सुरू होते. जाहिराती अनेक वर्षे बहुधा गूगलसारख्या मोठ्या कंपनीकडून येत. कोणी क्लिक केले की जाहिरातदाराने मोजलेल्या रकमेतून जाहिरात पुरवणारी कंपनी आणि पार्किंग कंपनी आपापला वाटा काढून घेतात आणि उरलेले मालकाला मिळते. नुसते पान पाहून कोणी निघून गेला, तर सहसा काहीच मिळत नाही. त्यामुळे विमा, कर्ज, वकिली अशा विषयांच्या नावांना मोल येते, कारण तिथे एकेका ग्राहकासाठी जाहिरातदार भरपूर खर्च करतात. बाकीच्या असंख्य नावांतून वर्षाचे नूतनीकरण शुल्कही सुटणे कठीण असते, हे नव्याने उतरणाऱ्यांना क्वचितच सांगितले जाते.

खरा प्रश्न असा, की रिकाम्या पानावर माणसे येतात कशी? काही जण शोधयंत्राकडे न जाता हव्या त्या वस्तूचे नाव आणि पुढे डॉट कॉम थेट टाइप करतात. काही जण जुन्या दुव्यांवरून येतात, कारण मुदत संपलेले नाव दुसऱ्याने घेतले तरी इतर संकेतस्थळांवरचे त्याचे दुवे तसेच राहतात. उरलेले टाइप करताना चुकलेले असतात.

या धंद्याचा पाया १९९८ साली घातला गेला. त्या वर्षी गोटू डॉट कॉम या शोधयंत्राने शोधशब्दांवर बोली लावून क्लिकमागे पैसे आकारणे सुरू केले. पुढे ती कंपनी ओव्हर्चर झाली आणि २००३ मध्ये याहूने ती विकत घेतली. २००४ मध्ये मार्चेक्स या अमेरिकी कंपनीने एक लाखाहून अधिक नावांचा एक संग्रह सुमारे १६.४ कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले, तेव्हा थेट टाइप करून येणाऱ्यांची किंमत सर्वांच्या लक्षात आली.

त्यातून गैरप्रकारही फोफावले. नोंदणीनंतर पाच दिवसांत नाव परत केल्यास शुल्क परत मिळत असे. या सवलतीचा फायदा घेऊन लाखो नावे घ्यायची, जाहिराती लावून बघायच्या आणि न चालणारी परत करायची, याला ‘डोमेन टेस्टिंग’ (नाव चाखून पाहणे) म्हणत. अशा परताव्यांवर आयकॅन या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने शुल्क लावले आणि २००८ ते २००९ दरम्यान त्यांची संख्या ९९.७ टक्क्यांनी घटली. ज्याला लाखो तक्रारींनी आळा बसला नसता, तो प्रकार शुल्काने जवळजवळ बंद पडला.

प्रसिद्ध व्यापारचिन्हाशी मिळतेजुळते नाव घेऊन त्यावर जाहिराती लावणे हा वेगळा प्रश्न आहे. आयकॅनच्या १९९९ च्या तंटा निवारण धोरणानुसार नाव दुष्ट हेतूने घेतल्याचे आणि वापरल्याचे सिद्ध झाले, तर ते काढून तक्रारदाराकडे देता येते. जाहिराती पार्किंग कंपनीने आपोआप लावल्या, ही सबब लवाद साधारणपणे मान्य करत नाहीत. ते योग्यच आहे, कारण नाव मालकाने निवडलेले असते आणि पैसाही त्यालाच मिळतो.

पुढे उत्पन्न आटले, याचे मुख्य कारण लोकांची सवय बदलली हे होय. २००८ मध्ये आलेल्या क्रोम ब्राउझरने पत्ता आणि शोध यांसाठी एकच पट्टी ठेवली आणि ‘विमा’ असा शब्द टाइप करणारा थेट शोधयंत्रात पोहोचू लागला. मोबाइल अ‍ॅपमुळे पत्ता टाइप करण्याची गरज आणखी कमी झाली. क्लिक करणाऱ्यांतून खरे ग्राहक किती, याबद्दल जाहिरातदारांना आधीपासूनच शंका होती. २०२५ मध्ये गूगलने पार्क केलेल्या डोमेनवर जाहिराती न दाखवणे हीच जाहिरातदारांसाठी आपोआप लागू होणारी निवड केली. आता बरेच मालक जाहिरातींऐवजी त्या पानावर विक्रीची किंमत आणि चौकशीचा अर्ज ठेवतात.