एअर रायफलची अचूकता: खर्चाला सुरुवात कोठून करावी?

१० मीटर नेमबाजी करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रायफलचा कोणताही भाग बदलण्यापूर्वी ती मुळात किती अचूक आहे हे तपासून घ्यावे, अशी आमची प्रत्येक ग्राहकाला विनंती असते. त्यासाठी रायफल व्हाइसमध्ये (पकडीच्या शिकंजात) घट्ट बसवून १० मीटरवर एकाच जागी १० पेलेट (शिशाचे छर्रे) मारतात आणि पडलेल्या ग्रुपची, म्हणजे सर्व छिद्रांच्या समूहाची, रुंदी कडेपासून कडेपर्यंत मोजतात. पेलेटचा व्यास ४.५ मिलिमीटर असतो; एका नेमाचे सर्वाधिक गुण १०.९ असतात आणि त्यासाठी पेलेटचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून पाव मिलिमीटरच्या आत पडावा लागतो आणि पुढे दर पाव मिलिमीटरला एक दशांश गुण कमी होतो. या हिशेबाने ग्रुप ७ मिलिमीटरच्या वर्तुळात मावत असेल आणि साइट (नेम धरण्याचे साधन) नीट जुळवलेली असेल, तर रायफल स्वतःहून १०.५ च्या खाली उतरत नाही. अशी रायफल हाती असताना गुण ९.८ किंवा १०.१ येत असतील, तर नव्या बॅरलने (नळीने) काहीही साधणार नाही.

ग्रुप मोठा पडल्यास पहिला खर्च पेलेटवर करावा. मॅच पेलेट (स्पर्धेसाठीचे पेलेट) ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर अशा जवळजवळच्या मापांत मिळतात. कोणत्या बॅरलला कोणते माप मानवेल हे आधी सांगता येत नाही. एवढेच नव्हे, तर त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या दोन लॉटमध्येही (एकेका वेळी बनवलेल्या मालातही) फरक पडतो. म्हणून तीन-चार लॉट आपल्याच रायफलमधून मारून पाहावेत आणि जो सर्वांत लहान ग्रुप देईल त्याचाच हंगामभराचा साठा घ्यावा. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात शिशावर पांढरी भुकटी धरते, त्यामुळे डबे हवाबंद पेटीत सिलिका जेलसह ठेवावेत.

त्यानंतर विचार करावा तो रायफल अंगाला बसण्याचा, आणि इथे बहुधा पैसे लागतच नाहीत. बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीक पीस (गाल टेकवण्याचा भाग) यांना स्क्रू दिलेले असतात. ते वर्षानुवर्षे कोणी फिरवलेलेच नाहीत अशा महागड्या रायफली आमच्याकडे येतात. वाढत्या वयाच्या मुलांचे माप तर दर काही महिन्यांनी पुन्हा घ्यावे लागते. फोरसाइटची (नळीच्या पुढच्या टोकावरील साइटची) रिंगही याच वेळी पाहावी. लक्ष्याचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा असतो आणि त्याच्याभोवती पांढरी कड स्वच्छ दिसली पाहिजे. रिंग फार घट्ट असेल तर डोळा थकतो आणि नेम धरण्यातच वेळ जातो. अर्ध्या उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे प्रकाश बदलत राहतो, सराव करणाऱ्यांसाठी कमी-जास्त करता येणारे आयरिस (साइटचे छिद्र लहान-मोठे करणारा भाग) ही मात्र खरोखर उपयोगी खरेदी आहे. स्पर्धेत रायफलवर दुर्बीण चालत नाही आणि साइटसह एकूण वजन ५.५ किलोपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून वजने जोडण्यापूर्वी रायफल काट्यावर ठेवून पाहावी.

ट्रिगर सहसा बदलावा लागत नाही, जुळवून घ्यावा लागतो. नवशिक्यासाठी तो अति हलका करून देण्याची मागणी पालक करतात. ती आम्ही नम्रपणे नाकारतो. पेलेट सुटण्याचा जोर वाढवून देण्याची मागणीही आम्ही स्वीकारत नाही, कारण १० मीटरसाठी साधारण साडेसात ज्यूल पुरेसे असतात आणि वाढीव जोराने ग्रुप बिघडण्याचीच शक्यता अधिक.

रायफलच्या दाबाच्या हवेच्या सिलिंडरमध्ये कोरडी हवाच भरावी. पावसाळ्यात हातपंपाने भरल्यास आत ओलावा जातो व व्हॉल्व्हवर परिणाम होतो. सिलिंडरवरील मुदत संपली असल्यास तो वापरू नये. स्पर्धेतही ती मुदत पाळण्याची जबाबदारी नेमबाजाचीच असते.

बॅरल सर्वांत शेवटी, आणि तीही फेल्टने (लोकरी बोळ्याने) साफ करून, स्क्रू तपासून, पुन्हा व्हाइसमध्ये चाचणी घेतल्यानंतरच.

सल्ल्यासाठी येताना रायफलबरोबर सध्या वापरात असलेला पेलेटचा डबा आणि अलीकडच्या सरावाची लक्ष्यपत्रे आणावीत. रायफल वापरणारा नेमबाज जॅकेट व शूज घेऊन स्वतः यावा, कारण त्याच्याशिवाय बट प्लेटचे माप घेता येत नाही.