हाफ डोमचा ‘हरवलेला’ अर्धा भाग : एक खुलासा

कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोरे पाहून परतणाऱ्या मुंबईकरांच्या छायाचित्रांसोबत एक माहिती हमखास फिरते : हाफ डोम हे तेथील ग्रॅनाइटचे शिखर पूर्वी अखंड घुमट होते आणि हिमनदीने त्याचा अर्धा भाग कापून नेला. हे खरे नाही.

समुद्रसपाटीपासून सुमारे २,६९४ मीटर उंचीचे हे शिखर खोऱ्यातील बर्फाच्या पातळीच्या वरच राहिले होते, आणि मूळ घुमटाचा बहुतांश भाग आजही जागेवर आहे. त्याचा सपाट कडा ग्रॅनाइटमधील उभ्या भेगांमुळे घडला; त्या भेगांवरून खडकाचे पापुद्रे सुटत गेले आणि खालून वाहणाऱ्या हिमनदीने पायथा पोखरून तो राडारोडा वाहून नेला. गोल पाठही बर्फाने घासलेली नाही. वरच्या खडकाचा भार हटल्यावर ग्रॅनाइट कांद्यासारखा थराथराने सुटतो, त्यातून ती घडली.

हिमनद्यांचे खरे काम खोऱ्यात दिसते. मर्सेड नदीने आधीच कोरलेली घळ त्यांनी रुंद आणि इतकी खोल केली की मूळ खडक काही ठिकाणी आजच्या तळाखाली सुमारे ६०० मीटरवर आहे. पुढे तो खड्डा गाळाने भरला. या सपाट गाळावरच तेथील कुरणे आणि ओकची झाडे वाढली. कुरणे मोकळी राहण्यामागे मात्र बर्फ नसून खोऱ्यातील मूळ रहिवासी असलेल्या अहवानीची लोकांनी नियमितपणे लावलेल्या आगी होत्या, आणि त्या थांबल्यावर सूचिपर्णी झाडे कुरणांत शिरली.