पाळी जाण्याचं वय, हार्मोन आणि लशी : डॉक्टरांसाठी एका दुपारचं सत्र

नमस्कार डॉक्टर,

नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत शिकत राहण्याचे ३० गुण (क्रेडिट पॉइंट) लागतात, हे महाराष्ट्र वैद्यक परिषदेचं गणित तुम्हाला आम्ही सांगायला नको. शेवटच्या वर्षी एसी हॉलमध्ये डुलक्या काढत ते कसे जमवले जातात, हेही नको. आम्ही मिरजेतले चौघे जण डॉक्टरांसाठी छोटी सत्रं भरवतो. या वेळचं सत्र रजोनिवृत्तीतल्या हार्मोन उपचारांवर आणि मोठ्यांच्या लसीकरणावर आहे.

‘या दोघांचा काय संबंध?’ असं एका सरांनी फोनवर विचारलं. संबंध आहे तो पेशंटचा. पन्नाशीची बाई ‘अंगातून वाफा निघतात, झोप नाही’ म्हणून येते. स्वतःसाठी ती येते तेवढीच. पुढच्या खेपेला तिच्या हातात नवऱ्याची नाहीतर सासूची फाइल असते. मग त्याच दहा मिनिटांत दोन्ही बोलून घ्यायला हवं.

हार्मोनचं नाव काढलं की ती म्हणते, ‘त्यानं कॅन्सर होतो ना?’ ही भीती जुलै २००२ ची आहे. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोनं एकत्र देणारा भाग तेव्हा मुदतीआधी थांबवला गेला. त्यात १६,६०८ स्त्रिया होत्या, वयाची सरासरी ६३. स्तनाच्या कॅन्सरची वाढ होती दर वर्षी १०,००० स्त्रियांमागे ३० वरून ३८. बातमी झाली ती ‘२६ टक्के वाढ’ अशी. आकडे दोन्ही खरे, पण पेशंटला कोणता सांगायचा आणि मराठीत कसा, याचा सराव आम्ही जोड्या लावून करून घेतो. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत, खूप त्रास असलेल्या आणि हार्मोन देऊ नये असं कारण नसलेल्या बाईसाठी हिशेब सहसा फायद्याच्या बाजूला झुकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या औषधांवरचे काळ्या चौकटीतले, म्हणजे सर्वांत कडक, बहुतेक इशारे काढायचं जाहीर केलं. म्हणून गोळी सरसकट वाटायची असं नाही. स्तनाचा कॅन्सर, शिरेत गुठळी, पक्षाघात, कारण न कळलेला रक्तस्राव हे प्रश्न आधी विचारायचेच. गर्भपिशवी असेल तर प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टिन याच गटातलं) जोडीला हवंच. गुठळीची धास्ती असेल तिथे गोळीऐवजी त्वचेवाटे दिलेलं इस्ट्रोजेन बरं.

पिशवीवरून आठवलं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अशी पस्तिशीची बाई आपल्या ओपीडीतही येते. कंबर दुखते म्हणते, कॅल्शियम घेऊन जाते. तिच्या अंडाशयांचं काय झालं, हे कागदावर बहुधा नसतंच. दोन्ही अंडाशयं काढली असतील, तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन हा तिच्या हाडांचा आणि हृदयाचा प्रश्न आहे. तिला ६३ वर्षांच्या बायकांचे आकडे सांगून घाबरवणं आम्हाला चुकीचं वाटतं. सत्रातला सर्वांत जास्त वेळ आम्ही या बाईला देतो.

आता लशी. नागीण म्हटलं की अजूनही गेरूचा लेप आणि ‘दोन तोंडं जुळली की माणूस गेला’ ही दहशत. पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची पुनःसंयोजित (जिवंत विषाणू नसलेली) लस २०२३ पासून भारतात मिळते. दोन डोस, मध्ये २ ते ६ महिने. मुख्य चाचणीत परिणामकारकता ९७.२ टक्के होती. किंमत खिशाला जड आहे, तेव्हा कोणाला आग्रह करायचा यावर चर्चा होईलच. फ्लूची लस आपल्याकडे पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये द्यावी. ऑक्टोबरची वाट पाहण्यात हंगाम निघून जातो. न्यूमोकॉकल (न्यूमोनियाच्या जंतूवरची) लस आणि धनुर्वाताचा बूस्टर यांचा तक्ता हातात देऊ. लेकीसाठी एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी) लस विचारणाऱ्या आईला काय सांगायचं, तेही त्यात आहे.

हमखास येणारा प्रश्न : हार्मोन चालू असताना लस चालते का? चालते. लशीसाठी हार्मोन बंद करायचे नाहीत, हार्मोनसाठी लस लांबवायची नाही. पाळी गेल्यावर रक्त दिसलं आणि आदल्या आठवड्यात लस झाली असली, तरी ‘लशीमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर ४ मिमीपेक्षा जाड असेल, तर पुढची तपासणी.

अटी थोडक्यात. जास्तीत जास्त २५ डॉक्टर, वेळ दुपारच्या ओपीडीनंतर. औषध कंपनीचे पैसे घेत नाही, म्हणून फी आहे आणि जेवण साधं आहे. पॉइंट परिषदेच्या मान्यतापत्रावर असतील तेवढेच. आम्ही आधी आकडा छापत नाही. बीएएमएस मित्रांना बसायला हरकत नाही, मात्र हे पॉइंट त्यांना लागू होत नाहीत.

येताना क्लिनिकच्या लशींच्या फ्रिजचं आठवडाभराचं तापमान लिहून आणा, सकाळ-संध्याकाळ. २ ते ८ अंशांच्या बाहेरचे आकडे खोडू नका. गेल्या सत्रात एकाच्या कागदावर उणे १ होता, आणि त्यावर अर्धा तास बोलणं झालं.