पॅट समिट

पॅट समिट (१४ जून १९५२ – २८ जून २०१६) : अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या ३८ हंगाम प्रशिक्षक. मूळ नाव पॅट्रिशिया सू हेड. जन्म टेनेसी राज्यात क्लार्क्सव्हिल येथे, शेतकरी कुटुंबात. गवताच्या माळ्यावर थोरल्या भावांशी खेळत त्या हा खेळ शिकल्या. गावच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून वडिलांनी सगळे बिऱ्हाडच हेन्रिएटाला हलवले.

१९७४ मध्ये वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी त्या मुख्य प्रशिक्षक झाल्या, तेव्हा त्यांचे स्वतःचे पदव्युत्तर शिक्षण चालू होते. पगार महिना २५० डॉलर. संघाची गाडी त्याच चालवत, खेळाडूंचे गणवेशही त्याच धूत. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा दोनच वर्षांपूर्वी झाला होता. महिलांच्या खेळाला पैसा आणि प्रेक्षक मिळायला अजून अवकाश होता. पहिला सामना त्या एका गुणाने हरल्या.

टेनेसीच्या शाळांत तेव्हा मुलींना सहा-सहांचा खेळ खेळावा लागे. तिघी फक्त आक्रमणाला, तिघी फक्त बचावाला आणि मधली रेषा कुणीच ओलांडायची नाही. मुलींना पूर्ण मैदान झेपणार नाही, हा त्यामागचा समज. समिट यांनी या पद्धतीला उघड विरोध केला. १९७९-८० च्या हंगामापासून राज्यात पाच-पाचांचा खेळ आला. त्यांच्या संघाने मिळवलेल्या आठ राष्ट्रीय विजेतेपदांइतकेच हे काम मोलाचे मानायला हवे.

खेळाडू म्हणून त्यांनी १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले. ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉल प्रथमच खेळले गेले ते तिथेच. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकन संघाच्या त्या प्रशिक्षक होत्या. टेनेसीला पहिले विजेतेपद १९८७ मध्ये, म्हणजे तेरा हंगामांच्या कष्टांनंतर मिळाले. १९९६ ते १९९८ सलग तीन, त्यातल्या शेवटच्या हंगामात ३९ पैकी ३९ सामने जिंकले. शमीक्वा होल्ड्सक्लॉ, तमिका कॅचिंग्ज, कँडेस पार्कर या त्यांच्या हाताखाली घडलेल्या खेळाडू.

त्यांची रोखलेली नजर खेळाडूंना धडकी भरवी. पण त्यांची शिस्त मैदानापुरती नव्हती. खेळाडूंनी वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचे आणि तास चुकवला तर सामन्याला मुकायचे, हा नियम. पूर्ण मुदत त्यांच्याकडे खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली.

२०११ मध्ये, ५९ व्या वर्षी, त्यांना अल्झायमर झाल्याचे निदान झाले. त्यांनी ते लपवले नाही. सहकारी हॉली वॉर्लिक यांच्यावर अधिक भार सोपवून त्या आणखी एक हंगाम मैदानाच्या कडेला बसल्या आणि २०१२ मध्ये १,०९८ विजयांनिशी निवृत्त झाल्या.