जुनी लष्करी जीप किंवा ट्रक: पत्र्याला हात लावण्याआधी नोंदणीचं काय करायचं

सैन्यातून निघालेली जुनी गाडी दारात आली की माणूस पहिला फोन डेंटरला करतो. फ्लोअर सडलेला असतो, मडगार्डातून बोट आरपार जातं, टपाच्या कडेला गंजाचे पोपडे सुटलेले असतात. आधी गाडी उभी करू, कागदाचं मग बघू, असं वाटणं साहजिक आहे. पण या गाड्यांच्या बाबतीत हा क्रम महागात पडतो. गाडीची बॉडी आणि चेसिस मूळ आहे की बदललेली, यावरच ती 'विंटेज' म्हणून नोंदली जाईल की नाही हे ठरतं. म्हणजे डेंटरने कटर लावला की अर्जाचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

विंटेज नोंदणीत कोण बसतं

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2021 मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आले, 81-ए पासून पुढे. त्याआधी देशभर लागू असा एकच रस्ता नव्हता. पात्रतेच्या अटी दिसायला सोप्या आहेत. गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी हवी. वापर खासगी हवा, धंद्याचा नाही. आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

मेख आहे ती गाडीच्या वर्गात. व्याख्येत दुचाकी आणि खासगी प्रवासी चारचाकी येतात. विलीज या अमेरिकी जीपच्या घराण्यातली महिंद्राची जीप इथे बसू शकते. जबलपूरच्या कारखान्यात सैन्यासाठी बनलेली जीपसारखी गाडी, जोंगा, हीही बसू शकते, मात्र ती 1969 च्या आसपासपासून बनायला लागली, त्यामुळे सुरुवातीच्याच गाड्यांची पन्नाशी उलटली आहे आणि मागाहूनच्या गाड्यांना थांबावं लागेल. शक्तिमानसारखा मालवाहू ट्रक मात्र, कितीही जुना आणि कितीही देखणा असला तरी, मालवाहू वर्गातला आहे. त्याला विंटेजचं दार उघडत नाही, त्याचा रस्ता वेगळा आहे. लिलावात बोली लावण्याआधी हे ज्याला कळलं त्याचे बरेच पैसे वाचले.

वय कसं सिद्ध करायचं? सैन्याच्या नंबर प्लेटवर वर तोंड केलेला बाण असतो आणि त्याला लागून येणारे दोन आकडे गाडी सेवेत आल्याचं वर्ष सांगतात. जुन्या रंगाच्या थराखाली हा क्रमांक अनेकदा अर्धवट दिसतो. तो खरवडून काढू नका, आधी फोटो काढा. तो काही कायदेशीर पुरावा नाही, पण कागदावरचं साल आणि गाडीवरचं साल जुळलं की समोरच्याचे निम्मे प्रश्न गळून पडतात.

अर्ज आणि कागद

अर्ज परिवहन पोर्टलवर फॉर्म 20 मध्ये करायचा. सोबत चालू विमा आणि शुल्क. गाडी आयात केलेली असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा कागद, आणि भारतात आधी नोंदलेली असेल तर जुनं आरसी बुक. नव्याने नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, आधी नोंदलेल्या गाडीच्या पुनर्नोंदणीचं 5,000. हा फरक बघितला की माळ्यावरच्या ट्रंकेत पडलेलं जुनं आरसी बुक शोधायला एक रविवार घालवणं परवडतं. हरवलंच असेल तर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म 26 वर दुय्यम प्रत मागता येते. गाडी अजून आधीच्या मालकाच्या नावावर असेल तर हस्तांतराचे फॉर्म 29 आणि 30 आधी उरकून घ्या. मूळ मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्या गोळा करण्यात पत्राकामापेक्षा जास्त वेळ जातो, ही तयारी ठेवा.

राज्याने नेमलेला नोडल अधिकारी अर्ज पाहतो आणि एक समिती गाडी प्रत्यक्ष तपासते. सगळं मान्य झालं तर फॉर्म 23-ए मध्ये नोंदणी प्रमाणपत्र मिळतं, त्यासाठी नियमात 60 दिवसांची मुदत आहे. प्रमाणपत्र 10 वर्षं चालतं. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं, मग दोन अक्षरं आणि चार आकडे. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. 1989 पूर्वीचा तीन अक्षरी क्रमांक ज्याच्याकडे आहे तो माणूस तो का सोडेल?

एक गोष्ट मात्र अर्जाआधी स्वतःशी ठरवा. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, आणि त्यासाठी जाणं-येणं, एवढंच. दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी भजी खायला जीप काढायची हौस असेल आणि साध्या आरसीचं नूतनीकरण फॉर्म 25 वर पाच-पाच वर्षांनी होत असेल, तर मी म्हणेन विंटेजच्या फंदात पडू नका.

ट्रकवाल्यांसाठी

लष्कराची गाडी सैन्यात असताना मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 खाली नोंदलेली असते. संरक्षणाच्या कामातून ती बाहेर पडली की साध्या गाडीसारखी, कलम 39-40 प्रमाणे, आरटीओकडे नोंदावी लागते. इथे सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे संबंधित लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र, फॉर्म 21 च्या नमुन्यातलं. नियम 47 मध्ये माजी लष्करी वाहनांसाठी ते नाव घेऊन मागितलं आहे. झेरॉक्स चालत नाही. सोबत फॉर्म 20, विमा, पत्त्याचा पुरावा, शुल्क, आणि गाडी प्रत्यक्ष दाखवणं. ट्रक मालवाहू म्हणून नोंदला की फिटनेस प्रमाणपत्र आलं, आठ वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी. एकूण वजन 3,000 किलोच्या वर असेल तर परमिटही आलं.

'डेपोतून स्वस्तात उचलू आणि पासिंग करून घेऊ' असं सांगणारे दलाल अजून भेटतात. लिलावाच्या कागदावर माल 'भंगार' म्हणून विकला असेल तर ती गाडी राहत नाही, नुसतं लोखंड राहतं. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांचं नोंदणी-नूतनीकरण बंद आहे आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडीत काढायच्या आहेत. सूट आहे ती संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या कामगिरीवरच्या विशेष वाहनांना. म्हणून वर्षानुवर्षं नागरी नोंदणीत असलेला, आरसी बुकासकट मिळणारा ट्रकच शोधा. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता पत्रा

दुरुस्ती आणि फेरफार यांतली रेघ कुठे आहे? कलम 52 सांगतं की आरसीवरचा तपशील आणि उत्पादकाने दिलेली मूळ रचना यांच्याशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 च्या निकालात हेच ठासून सांगितलं. कायद्यातल्या 2019 च्या सुधारणेनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, किंवा दोन्हीही. सडलेला पत्रा कापून तिथे तसाच पत्रा बसवणं ही दुरुस्ती. जीपचं मागचं अंग एक फूट लांबवणं, ट्रकची केबिन बदलून दुसरी चढवणं, चेसिसला जोड देणं हा फेरफार. जत्रेतल्या जीपसारखी रुंद मडगार्डं आणि उंच केलेली सस्पेन्शन असली की समितीला फार शोधावं लागत नाही.

डेंटरला तीन गोष्टी आधीच सांगा. पहिली, पूर्ण फ्लोअर उपटू नको, सडलंय तेवढंच काप. हातोडीच्या टोकाने ठोकत गेलं की कळतं: चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. तिथे खडूने रेघ मारायची, कटर त्याच्या बोटभर बाहेरून चालवायचा. दुसरी, तुकडा त्याच जाडीचा हवा. मूळ पत्रा 18 गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास असेल, तर तुकडाही 18 गेजचा. जाड घातला तर शेजारचा पत्रा ओढला जातो, पातळ घातला तर चार महिन्यांत वेल्डिंगच्या कडेने चिरतो. तुकडा आच्छादून न लावता कडेला कड भिडवून लावायचा, कारण एकावर एक पत्रा आला की मधल्या फटीत पाणी बसतं आणि गंज पुन्हा तिथूनच सुरू होतो. वेल्डिंग सलग ओढायचं नाही. एक टाका इकडे, एक टाका समोर, मध्ये हात लावून गरम आहे का बघायचं. घाई केली की पत्रा फुगतो आणि मग दाबला की डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजतो. तो आवाज लपवायला अर्धा इंच जाड लांबी, म्हणजे पुट्टी, थापतात, आणि चुंबक लावून पाहिलं की ती लगेच उघडी पडते. समितीवरच्या माणसाच्या खिशात चुंबक नसेलच असं धरून चालू नका. तिसरी गोष्ट, पेट्रोलची टाकी खाली उतरवल्याशिवाय वेल्डिंग सेट आत आणायचा नाही.

कामाच्या आधी, चालू असताना आणि झाल्यावर तारखेसह फोटो काढा. कापून काढलेला पत्रा पोत्यात भरून ठेवा. जुन्या तुकड्याची घडी आणि छिद्रं नव्याशी जुळतात हे दाखवता आलं तर 'बॉडी बदलली का?' हा प्रश्न तिथेच मिटतो.

आणि चेसिस नंबर. माझ्या स्वतःच्या जीपला ही ठेच लागली. गॅरेजातल्या पोराने चेसिसच्या पट्टीवरचा गंज ग्राइंडरने साफ केला, वर रेडऑक्साइड मारला, आणि पासिंगच्या वेळी कागद ठेवून पेन्सिल घासली तर छाप्यात शेवटचे दोन आकडे उमटेचनात. गाडी उन्हात उभी, मी दुसरी पेन्सिल शोधतोय, आणि तपासणारे साहेब घड्याळ बघतायत. पुढचे कित्येक महिने नंबर पुन्हा पंच मारून कोरण्याच्या परवानगीमागे गेले. स्वतःच्या मनाने नंबर पंच करून घेणं म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय ओढवून घेणं, ते कधीच करू नका. काम सुरू होण्याआधी त्या जागेचा पेन्सिल छापा घ्या, वर ग्रीस लावून चिकटपट्टी मारा, आणि डॅशबोर्डवरची पितळी माहितीपट्टी काढून घरी कपाटात ठेवा.

रंग

इथे बहुतेकांचं मन मोडतं. नियम 121 प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणत्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. गाडी सैन्यातून आलेली असली तरी आता ती तुमची आहे. त्यामुळे रंगाच्या दुकानात 'मिलिटरीचा हिरवा द्या' म्हणू नका. राखाडी, वाळूचा, गडद निळा असे पर्याय लोक निवडतात, आणि फॉर्म 20 मध्ये रंगाचा रकाना असतो, तिथे जो लिहाल तोच गाडीवर दिसायला हवा. बाणाची खूण, पलटणीची चिन्हं, जुना लष्करी क्रमांक हेही पुन्हा रंगवू नका. दरवाजाच्या आतल्या बाजूला, कुणाला न दिसणाऱ्या कोपऱ्यात, जुन्या हिरव्याचा तळहाताएवढा चौकोन मी तसाच ठेवला आहे. त्यावर साधं वॉर्निश मारलं आहे.