काट्यावरची यादी पावतीपर्यंत पोचताना

हिंगणघाट-वणी भागातल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कापसाची गाडी आधी भरलेली तोलतात, माल उतरला की रिकामी. दोन वजनांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा कापूस. समजा, एक पायथन स्क्रिप्ट काट्यावरून वजन वाचते आणि दुसरी पावती काढते.

नवशिका प्रोग्रामर गाड्यांची यादी तिसऱ्या फाइलीत ठेवतो आणि ती दोन्हीकडे इम्पोर्ट करतो. काट्याच्या स्क्रिप्टने 20 गाड्या नोंदवल्या तरी पावतीवालीला यादी रिकामीच दिसते. इम्पोर्ट केलेला कोड दोन्हीकडे वेगवेगळा चालतो. प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामची, मेमरी स्वतंत्र असल्याने याद्याही दोन तयार होतात.

म्हणून यादी फाइलीत उतरवून द्यावी लागते. त्यासाठी जेसन, म्हणजे डेटा मजकुरात लिहायची पद्धत, सोपं आहे, पण ते सगळं जसंच्या तसं पोचवत नाही. टपलची, म्हणजे न बदलता येणाऱ्या यादीची, साधी लिस्ट होते. डिक्शनरीत नोंद ज्या नावाने शोधतात ती की 7 असेल तर ती परत येताना '7' असा मजकूर होऊन येते, मग 7 नंबरची गाडी शोधली की सापडत नाही. तारीख तर थेट एरर देते, ती आधी मजकूर करून घ्यावी. पिकल ही पायथनची स्वतःची साठवण्याची पद्धत हे सारं जपते, पण पिकल फाइल उघडताना तिच्यात दडवलेला कोडही चालू शकतो. दुसऱ्याच्या पेन ड्राइव्हवरची पिकल फाइल उघडूच नये.

आता लाइन जाण्याचं बघा. जुनी फाइल लिहायला उघडली की ती आधी कोरी होते. नेमकी तेव्हा लाइन गेली तर सकाळपासूनच्या नोंदी गेल्या. त्यामुळे नवी यादी त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावाने लिहा, फ्लश आणि एफसिंक करून ती खरोखर डिस्कवर उतरवा, मग पायथनच्या ओएस डॉट रिप्लेसने मूळ नाव द्या. वाचणाऱ्याला एक तर जुनी पूर्ण यादी मिळते, नाहीतर नवी पूर्ण. तात्पुरती फाइल मूळ फाइलीपेक्षा वेगळ्या ड्राइव्हवर असेल तर हा उपाय चालत नाही.

काटे दोन असले की हेही पुरत नाही. दोघांनी 40 नोंदींची यादी वाचली, आपापली 41वी जोडून लिहिली, तर आधी लिहिलेली पुसली जाते आणि कुणाचा तरी 18 क्विंटल कापूस हिशेबातून नाहीसा होतो. इथे एसक्यूलाइटच वापरावं. 2000 साली आलेला हा डेटाबेस एकाच फाइलीत राहतो, वेगळा सर्व्हर लागत नाही. त्यात एका वेळी एकच जण लिहितो. पायथनमध्ये दुसरा 5 सेकंद थांबतो, मग 'लॉक्ड' अशी एरर येते. म्हणून भरलेलं वजन टाकलं की लगेच कमिट करा, म्हणजे नोंद पक्की करा. गाडी रिकामी होईपर्यंत डेटाबेसचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उघडा ठेवला तर दुसरा काटा तितका वेळ अडकून पडेल.